उंटांच्या कळपातले परजीवी : औषध देण्याआधी काय बघायचं

उंट खंगायला लागला की लोक आधी जंताचं औषध मागतात. मी पशुवैद्य आहे, पण कळपात गेल्यावर बाटली पिशवीतच ठेवतो आणि तीन गोष्टी विचारतो. गेल्या दोन महिन्यांत पाणी कुठे पाजलं? नवीन जनावर कधी आलं? एकाचं खोगीर दुसऱ्याच्या पाठीवर चढतं का? निम्मा रोग या उत्तरांतच सापडतो.

मला सगळ्यात जास्त धास्ती सर्र्याची. हा रोग ज्याच्यामुळे होतो तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा रक्तातला परजीवी पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली घोडे आणि उंटांच्या रक्तात शोधला. टॅबॅनस जातीच्या मोठ्या चावऱ्या माशा तो पसरवतात. चावा झोंबतो, उंट कातडी थरथरवतो, माशी उडते आणि अर्धं राहिलेलं पोट भरायला शेजारच्या उंटावर बसते. तोंडाला लागलेलं ओलं रक्त तिथे पोचतं. म्हणून आजारी उंट बाकीच्यांपासून चांगला लांब बांधा. या माशा पावसाळ्यात, भर उन्हात, पाणी आणि झाडीजवळ जास्त असतात. तेव्हा पाणी पहाटे किंवा दिवस मावळल्यावर पाजा.

सर्र्यात ताप येतो-जातो, मदार ओघळते, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, गाभण उंटीण गाभ टाकते. ताप बघताना एक काळजी घ्या. तहानलेल्या उंटाचं तापमान पहाटे ३४ अंश आणि दुपारनंतर ४० अंशांपर्यंत जाऊ शकतं. दुपारच्या एका आकड्यावर काही ठरवू नका, रोज पहाटे एकाच वेळी मोजा. जुने उंटपाळ मुतानं भिजलेली वाळू हुंगून सर्रा ओळखतात. मी ते हसण्यावारी नेत नाही, लगेच रक्त काढतो.

रक्त कानाच्या शिरेतून घ्यावं. पण काचपट्टीवर परजीवी दिसला नाही म्हणजे उंट निरोगी, असं नाही. तो रक्तात कधी भरपूर असतो, कधी जवळजवळ नसतो. सुरुवातीला मी एकाच पट्टीच्या भरवशावर एका कळपाला निर्धास्त राहायला सांगितलं होतं. पुढे त्यातल्या दोन उंटिणींनी गाभ टाकला. तेव्हापासून संशय असेल तर मी काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा रक्त बघतो. आणि गाईबैलांना रक्तातल्या परजीवींसाठी देतात ते डायमिनॅझिन उंटाला देऊ नका, त्याला विषबाधा होते.

खरूज डोकं, मान, काख, जांघ अशा पातळ कातडीवर सुरू होते. केस गेलेल्या चट्ट्याच्या कडेला बोटांनी खाजवून बघा, उंट मान ताणून ओठ हलवायला लागतो. खरवड चट्ट्याच्या मधून घेऊ नका, ताज्या कडेवरून थोडं रक्त दिसेपर्यंत घ्या. उपचार एकाच उंटाला केला तर वाया जातो. संपर्कातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, आणि साधारण १४ दिवसांनी पुन्हा. खोगीर, झूल, दोर यांवरही औषध मारा. ही खरूज माणसाला लागते, हातमोजे घालाच.

जंतांच्या बाबतीत उंटाला त्याची सवयच वाचवते. तो उंच फांद्या ओरबाडतो आणि अळ्या असतात खाली ओल्या गवतात. चारा संपून कळप पाणवठ्याभोवतीचं खुरटं गवत चरायला लागला की धोका सुरू होतो. हिमॉंकस लाँजिस्टाइप्स हा जंत आतून रक्त पितो. खालची पापणी उलटून बघा, ती पांढरट दिसली तर लेंड्या तपासायला द्या. लहान पिल्लांत जुलाब असतील तर कॉक्सिडिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी आहे का, हेही विचारा.

मात्रा डोळ्यांच्या अंदाजानं देऊ नका. कमी पडली की जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. मोजपट्टीनं खांद्यापर्यंतची उंची, छातीचा घेर आणि मदारीवरून पोटाचा घेर मीटरमध्ये घ्या, तिन्ही गुणा आणि ५० नं गुणा. १.९, २.० आणि २.५ असेल तर ४७५ किलो. आयव्हरमेक्टिन किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं इंजेक्शन ९.५ मिली, कातडीखाली. दूध काढत असाल तर किती दिवस वापरायचं नाही, ते सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा.

गोचीड शेपटीखाली, कानात, मांडीच्या आतल्या बाजूला शोधा. उंट सारखा शिंकत असेल तर त्याच्या पुढची जमीन बघा, नाकातल्या माशीच्या जाड अळ्या पडलेल्या सापडतील. मेलेल्या उंटाचं काळीज-फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकू नका, खोल पुरा. त्यातल्या पाणगाठींतून फीतकृमी कुत्र्यात जातो आणि कुत्र्याकडून माणसातही.

आणि नवीन उंट आला की तो कितीही तुकतुकीत दिसो, निदान महिनाभर वेगळा बांधा. त्याचं रक्त, खरवड आणि लेंड्या तपासून झाल्याशिवाय कळपात सोडू नका.