राउटर बदलला, वेग मिळाला

इंदिरानगरमधील आमच्या घरी २०० एमबीपीएसची फायबर जोडणी असूनही वेग ९४ च्या वर कधी गेला नाही, म्हणून मी कंपनीच बदलायला निघालो होतो. त्याआधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून पाहिला, तर आकडा तोच आला. मग लक्षात आले की कंपनीने दिलेल्या राउटरचे पोर्टच (केबल खोचायच्या जागा) १०० एमबीपीएसचे होते, आणि अशा पोर्टमधून प्रत्यक्षात साधारण ९४ एवढाच वेग मिळतो. गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टचा ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा, राउटर आणून बसवला आणि त्याच दिवशी पूर्ण वेग मिळाला.

मागच्या खोलीत वाय-फाय नीट न पोहोचण्याचा प्रश्न मात्र उरलाच. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर डेटा वेगाने जात असला तरी त्या विटांच्या भिंतींत लवकर क्षीण होतात, त्यामुळे राउटर दाराजवळून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवला, आणि २.४ गिगाहर्ट्‌झसाठी १, ६ व ११ या एकमेकांत न मिसळणाऱ्या चॅनेलांपैकी शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी सर्वांत कमी असलेला निवडला.

कंपनी तीच ठेवली, कारण शेजारच्या इमारतींत चौकशी केली तेव्हा पावसाळ्यात केबल तुटल्यावर तिची माणसे दुसऱ्या दिवशी येतात असे सर्वांनीच सांगितले, आणि माझ्या मते जाहिरातीतल्या वेगापेक्षा हीच माहिती अधिक मोलाची आहे.