अलायनर लावताय? रिफाइनमेंटचा खर्च मागाहून अंगावर पडू नये म्हणून या चुका टाळा

ठाण्यात नौपाडा, घोडबंदर रोड, तिकडे वाशी, नेरूळ, कुठेही दातांच्या क्लिनिकमध्ये चौकशी केली की अलायनरचा, म्हणजे दात सरळ करायला एकामागून एक बदलत घालायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या ट्रेचा, एक गोळाबेरीज आकडा सांगतात, तो कुठे साठ-सत्तर हजार असतो तर कुठे तीन लाखांच्या आसपास, आणि आपण लगेच ईएमआय किती बसेल ते विचारायला लागतो. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. तो आकडा बऱ्याचदा फक्त पहिल्या सेटचा असतो. पहिला सेट संपल्यावर जे राहून जातं ते सरळ करायला पुन्हा स्कॅन, पुन्हा प्लॅन, पुन्हा नव्या ट्रे, याला रिफाइनमेंट म्हणतात, आणि याचे पैसे कोण भरणार हे आधी कोणी बोललेलंच नसतं.

रिफाइनमेंट लागली म्हणजे डॉक्टरचं काहीतरी चुकलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. एक ट्रे दात साधारण पाव मिलिमीटर हलवते आणि कॉम्प्युटरवर जे दिसतं तितकं सगळं दात ऐकतोच असं नाही. इनव्हिजलाइन या अलायनरच्या ब्रँडवर २००९ मध्ये पुढच्या दातांचा अभ्यास झाला होता, त्यात प्लॅनमध्ये दाखवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात झाली होती, २०२० मध्ये सगळ्या दातांचा अभ्यास झाला त्यात सरासरी ५० टक्के आली. म्हणजे इतकी वर्षं सुधारणा होऊनसुद्धा निम्म्यावर. म्हणून "रिफाइनमेंट लागेल का हो डॉक्टर?" असं विचारूच नका, ती लागणार असं धरून चाला आणि विचारा की किती वेळा पॅकेजमध्ये आहे, कुठल्या तारखेपर्यंत आहे, आणि नंतर लागली तर किती घेणार.

कोटेशनवर एकच ओळ असणं

माझी मावसबहीण कोपरखैरण्याला राहते, तिच्या कोटेशनवर पेनाने "कम्प्लीट ट्रीटमेंट" इतकंच लिहिलेलं आणि खाली रक्कम. शेवटची ट्रे झाली तरी वरच्या सुळ्याच्या शेजारचा दात तिरकाच राहिला, डॉक्टर म्हणाले रिफाइनमेंट करू, आणि बाहेर रिसेप्शनवर सांगितलं की स्कॅनचे आणि नवीन ट्रेचे वेगळे भरावे लागतील. तिचं म्हणणं कम्प्लीट म्हणजे दात सरळ होईपर्यंत, क्लिनिकचं म्हणणं कम्प्लीट म्हणजे ठरलेल्या ट्रे संपेपर्यंत. कागद कोणाच्याच बाजूने बोलत नव्हता.

त्यामुळे पैसे भरायच्या आधी हे कागदावर घ्याच, निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या, फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. पहिल्या सेटमध्ये वरच्या किती आणि खालच्या किती ट्रे. रिफाइनमेंट किती वेळा, आणि मुदत कधीपासून मोजायची, पैसे भरल्यापासून, प्लॅन मंजूर केल्यापासून की पहिली ट्रे लावल्यापासून, कारण ट्रे येईपर्यंतच काही आठवडे निघून जातात. ट्रे बनवणारी कंपनी नवीन ट्रेचे पैसे लावत नसेल तरी क्लिनिक स्कॅन, दातावर चिकटवायची नवीन बटणं (अटॅचमेंट), व्हिजिट याचे वेगळे लावू शकतं, तेव्हा ट्रे बनवायचा म्हणजे लॅबचा खर्च आणि डॉक्टरची फी हे दोन्ही वेगवेगळं विचारा. ही बटणं निघाली तर परत लावायचे किती. ट्रे हरवली तर किती. रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात परत हलू नयेत म्हणून नंतर घालायची पट्टी, धरलाय का. आणि पुण्याला किंवा बेंगळुरूला बदली झाली तर केस ट्रान्सफर होईल का. स्वस्त पॅकेज बहुतेक कमी ट्रेचं असतं, थोडीशी फट भरायची असेल तर ठीक आहे, पण दात दाटीवाटीने आलेले असताना तेच गळ्यात मारत असतील तर पुढचा खर्च आत्ताच ठरलाय असं समजा. नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी यातलं सहसा काही देत नाही, त्या भरवशावर राहू नका.

ॲनिमेशन बघून लगेच ओके म्हणणं

प्लॅनचा व्हिडिओ मोबाईलवर येतो, वाकडे दात सुळकन सरळ होताना दिसतात, घरचे सगळे बघतात आणि पाच मिनिटांत ओके जातं. थांबा जरा. डॉक्टरांसमोर बसून विचारा की यातले अवघड दात कोणते. सुळे आणि त्यांच्या मागचे छोटे दात गोल असतात, प्लास्टिकला धरायला काही मिळत नाही म्हणून ते फिरवणं कठीण जातं, आणि वर राहिलेला दात खाली ओढणंही तसंच कठीण. त्यासाठीच अटॅचमेंट लावतात. ती दिसतात म्हणून "नको, निदान पुढच्या दातांवर नको" असा आग्रह पेशंट धरतात, काही डॉक्टर मानतातसुद्धा, आणि मग नेमके तेच दात रिफाइनमेंटला उरतात. लग्न-साखरपुडा असेल तर तारीख सांगून मधला मार्ग काढा, पण बटणं नाकारू नका असं मला कळकळीने वाटतं. जागा करायला दातांच्या मधल्या कडा थोड्या घासणार असतील तर कुठे आणि किती तेही विचारा, जागाच कमी पडली तर दात फिरणार कुठे.

आणखी एक, दातात कीड, रूट कॅनाल, कॅप, स्केलिंग, अक्कलदाढ, जे काही असेल ते स्कॅनच्या आधी उरकून घ्या. मध्येच कॅप बसवली की दाताचा आकार बदलतो, पुढच्या सगळ्या ट्रे बसत नाहीत, आणि तो नवीन स्कॅन पॅकेजमध्ये धरतील अशी अपेक्षा करू नका.

बावीस तासांचा हिशोब न करणं

ट्रे दिवसाला २० ते २२ तास घालायची असते, म्हणजे काढून ठेवायला तुमच्याकडे फार तर चार तास. आता नाश्ता, डबा, रात्रीचं जेवण यात दीड-दोन तास गेले, त्यात ऑफिसचा तीन वेळचा चहा गप्पा मारत, मग ब्रश, आणि रविवारी मामलेदारची मिसळ खाल्ली की तोंड नीट धुऊन होईपर्यंत अजून अर्धा तास. ट्रे घालूनच गरम चहा घेणं हा उपाय नाही, प्लास्टिक वाकतं आणि डाग पडतात. एक चहा कमी करा किंवा जेवणाला जोडून घ्या, एवढं सोपं आहे ते.

याचा पैशाशी संबंध असा की बऱ्याच क्लिनिकच्या अटीत लिहिलेलं असतं, पेशंटने नीट घातल्या नाहीत तर मोफत रिफाइनमेंट मिळणार नाही. तेव्हा नीट घातल्या याचा पुरावा तुमच्याकडे पाहिजे. ट्रे बदलायच्या दिवशी समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून क्लिनिकच्या नंबरवर पाठवत जा, तारीख आपोआप पडते.

फोटो काढताना खिडकीपाशी उभं राहून दातांच्या कडा नीट बघा. ट्रे पूर्ण बसली असेल तर दाताची कड आणि प्लास्टिक एकमेकांना टेकलेलं दिसतं. बसली नसेल तर त्या एकाच दाताच्या टोकाशी नखाच्या कोरीसारखी पोकळी दिसते, बाकी सगळे चिकटलेले असतात, तेवढाच सुटलेला. नवीन ट्रेच्या पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी चालते, पण ट्रे बदलायचा दिवस आला तरी तीच पोकळी असेल तर पुढची ट्रे घालू नका, लोक इथेच घाई करतात आणि मग प्रत्येक ट्रेगणिक ती वाढत जाते. च्युईज, म्हणजे ट्रे नीट बसवायला चावायच्या मऊ गुंडाळ्या, चावा, आहे तीच ट्रे अजून काही दिवस ठेवू का ते डॉक्टरांना विचारा, गरज पडली तर ते एक ट्रे मागे जायला सांगतील, म्हणून जुन्या ट्रे नंबर टाकून जपून ठेवा, फेकू नका. वेळेत पकडलं तर पुष्कळदा नवीन स्कॅनशिवाय भागतं.

हॉटेलात ट्रे टिश्यूत गुंडाळून टेबलावर ठेवू नका. प्लेट उचलणारा ती कचऱ्यात टाकणारच, त्याचा काय दोष. डबी कायम बरोबर ठेवा.

वचन कोणाचं आहे ते न बघणं

घरी किट पाठवून ट्रे देणारी स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकेतली मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, आणि लोकांना दिलेली हमीही तिथेच संपली, चालू ट्रीटमेंटवाले अधांतरी राहिले. म्हणून रिफाइनमेंटची जबाबदारी क्लिनिकची की कंपनीची हे विचारा, आणि केस बघणारा माणूस ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करायच्या शाखेत, एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) आहे ना, तो दर वेळी स्वतः तपासणार ना, हेही विचारा.

पैसे मागितलेच असतील तर

लगेच भरू नका, लगेच भांडूही नका. मूळ प्लॅन, सगळे स्कॅन, एक्स-रे मागून घ्या, आणि नवीन चार्ज कशाकशाचा आहे ते वेगवेगळं लिहून मागा. मग सेकंड ओपिनियन घ्या. आपल्या नवी मुंबईत डेंटल कॉलेजं भरपूर आहेत, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम, तिथल्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागात दाखवता येतं. एक-दोन दातच राहिले असतील तर तेवढ्याच दातांना काही महिने तारा लावून काम होईल का हे नक्की विचारा, बऱ्याच केसमध्ये नवीन सेटपेक्षा ते स्वस्त पडू शकतं.

कागदावर मोफत लिहिलेलं असूनही पैसे मागत असतील तर आधी क्लिनिकला लेखी कळवा. त्याने नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे वाशी-नेरूळवाल्यांनी ठाणे आणि खारघर-पनवेलवाल्यांनी रायगड. तक्रारीला कोटेशन, बिलं आणि ते तारखेचे फोटो जोडा.