परोपजीवी गांधीलमाश्यांच्या यजमानांची व्याप्ती अभ्यासताना या चुका टाळा

परोपजीवी गांधीलमाशी दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात आपली अंडी घालते आणि तिची पिल्ले त्या यजमानाला खाऊन संपवतात. कोणती माशी किती जातींवर जगते आणि ही व्याप्ती पिढ्यानपिढ्या कशी आकसते किंवा पसरते, हा प्रश्न जैविक कीडनियंत्रणाच्या मुळाशी आहे. यजमान सापडणे, तो पसंत पडणे आणि त्याच्या शरीरात पिल्लू तगणे हे तीन टप्पे वेगवेगळे उत्क्रांत होतात. अभ्यासातील बहुतेक चुका हे टप्पे एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

जुन्या याद्या पारखून घ्या

एका पानावर दोन अळ्या असतील, तर बाहेर पडलेली माशी भलत्याच अळीच्या नावावर नोंदली जाते. कधी ती अळीवर नव्हे, तर अळीतल्या दुसऱ्या माशीवर जगणारी असते. अशी नोंद एकदा छापली गेली की पुढच्या प्रत्येक सूचीत जशीच्या तशी उतरते. कोस्टा रिकातील ग्वानाकास्ते संरक्षित क्षेत्रात पाळलेल्या सुरवंटांतून निघालेल्या मायक्रोगॅस्ट्रिनी उपकुळातील माश्यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. डीएनए बारकोड (जात ओळखण्यासाठी वापरला जाणारा डीएनएचा छोटा तुकडा) तपासल्यावर तिथे आधी मानलेल्या १७१ जातींच्या जागी ३१३ जाती निघाल्या आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक जाती, ३,५०० हून अधिक प्रकारचे सुरवंट उपलब्ध असताना, एखाद्या किंवा मोजक्याच जातींवर जगताना आढळल्या. म्हणून प्रत्येक अळी वेगळ्या डबीत वाढवावी आणि निघालेल्या माशीबरोबर अळीचे उरलेले कवचही एकाच चिठ्ठीसह अल्कोहोलमध्ये जपावे, म्हणजे शंका आल्यास दोघांचीही ओळख पुन्हा तपासता येते.

अंडे घातले म्हणजे यजमान ठरला, असे धरू नका

ही चूक सर्वांत महागात पडते आणि तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण केनियात आहे. कोटेशिया सेसॅमी ही तिथली मूळची माशी मका-ज्वारीच्या खोडकिड्यांच्या अळ्यांत अंडी घालते. पश्चिमेकडील उंच भागातील किटालेची माशी बुसियोला फुस्का या खोडकिड्यात व्यवस्थित वाढते. मोंबासाच्या किनाऱ्यावरील त्याच जातीची माशीही त्या अळीत अंडी घालते, पण अळीच्या रक्तपेशी अंड्यांभोवती थर रचून त्यांना आवळतात आणि ती मरतात. मात्र सेसॅमिया कॅलॅमिस्टिस या दुसऱ्या खोडकिड्यात दोन्ही ठिकाणच्या माश्या तगतात. यामागचे कारण अतिशय विलक्षण आहे. या माश्या अंड्यांबरोबर एक विषाणू अळीत सोडतात. तो मुळात माशीच्याच जनुकसंचात सामावलेला असून अळीची प्रतिकारशक्ती दुबळी करतो. दोन्ही ठिकाणच्या माश्यांत या विषाणूच्या सीआरव्ही-१ या जनुकाची रूपे वेगळी आढळली आहेत. ज्या किनाऱ्यावर बुसियोला फारसा नव्हता, तिथे त्याच्यावर मात करण्याची क्षमता टिकवण्याचा नैसर्गिक निवडीचा दाबही नव्हता, असा याचा अर्थ मला लावावासा वाटतो.

यावरून दोन गोष्टी पाळाव्यात. अंडी घातल्यानंतर काही दिवसांनी काही अळ्या चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. पारदर्शक अंड्याभोवती पेशींचा गडद थर दिसला, तर ती अळी यजमान म्हणून मोजू नये. माशी नेमकी कुठून गोळा केली हेही प्रत्येक नोंदीत लिहावे, कारण केवळ जातीचे नाव पुरेसे नसते. कोटेशिया सेसॅमी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या माश्यांपैकी सेसॅमिया नोनॅग्रिऑइडिस या खोडकिड्यावर विशेषज्ञ झालेला, म्हणजे त्याच्यापुरता मर्यादित राहिलेला, एक गट २०१७ मध्ये कोटेशिया टायफी अशी स्वतंत्र जात म्हणून वर्णिला गेला, हेही लक्षात घ्यावे.

बंद डबीतील निकाल शेतावर लादू नका

पेट्री डिशमध्ये दुसरा पर्याय नसताना माशी जे स्वीकारते, ते ती शेतात शोधेलच असे नाही. महाराष्ट्रात उसासाठी वापरली जाणारी ट्रायकोकार्डे, म्हणजे ट्रायकोग्रामा या किडींच्या अंड्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशीची कार्डे, कॉर्सिरा या साठवणीतील धान्याच्या पतंगाच्या अंड्यांवर तयार होतात. ट्रायकोग्रामा त्यांत उत्तम वाढते, पण उसाच्या फडात तिला खोडकिड्याची अंडी शोधावी लागतात, त्यामुळे कार्डावरील आकडे तिच्या शोधक्षमतेविषयी काहीच सांगत नाहीत.

उत्क्रांतीची दिशाही गृहीत धरू नये. यजमानाला तत्काळ बधिर करून त्याची वाढ थांबवणाऱ्या माश्यांची व्याप्ती साधारणतः मोठी असते, तर त्याला जिवंत वाढू देणाऱ्यांना त्याच्या प्रतिकारशक्तीशी दीर्घकाळ झुंजावे लागत असल्याने ती आकसलेली असते. पण याचा अर्थ बहुभक्षी माशीचे विशेषज्ञ होणे ही एकेरी वाट आहे, असा नव्हे. उत्तर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांवरील ऱ्हॅगोलेटिस ही फळमाशी सफरचंदावर गेली, तेव्हा तिच्यावरील डायकॅस्मा अलोइयम ही गांधीलमाशीही मागोमाग गेली. आपापल्या फळाचा वास पसंत करणारे तिचे गट वेगळे होत असल्याचे २००९ मध्ये दाखवले गेले. इथे यजमानाच्या वंशावळीइतकाच तो कोणत्या झाडावर राहतो याला अर्थ आहे, त्यामुळे वंशवृक्षावर यजमानांची नावे मांडताना त्यांच्या वनस्पतीही मांडाव्यात आणि प्रत्येक जातीच्या किती अळ्या पाळल्या तो आकडाही जोडावा. कमी अळ्या पाळून नोंदलेली माशी नेहमीच विशेषज्ञ भासते.