कृष्णकमळाची जात ओळखायची तर आधी पानाचा देठ बघा

नर्सरीत कुठलाही वेल ‘कृष्णकमळ’ म्हणूनच मिळतो. पण ही ५०० हून अधिक जातींची प्रजाती आहे. फुलातले पाच पांडव (पुंकेसर) आणि कौरवांची झालर (भोवतालचे तंतू) जवळजवळ सगळ्याच जातींत असते, तेव्हा नुसत्या फुलाच्या फोटोवरून निदान करू नका.

देठ बघा. त्यावर बहुतेक जातींत बारीक ग्रंथी असतात. त्या किती आणि कुठे, हे भिंगातून पाहून लिहून ठेवा. पॅशनफ्रूटच्या वेलाला पानाच्या बुडाशी दोन ग्रंथी, पान तीन भागांचं, कडा दातेरी. निळ्या कृष्णकमळाचं पान बहुधा पाच भागांचं, कडा सरळ. कळीभोवती चिकट, जाळीदार झालर आणि चुरगळलेल्या पानाला उग्र वास असेल, तर ती रानटी ‘फीटिडा’. पाकळ्याच नसलेलं इवलंसं हिरवट फूल आणि जुन्या खोडावर बुचासारखी साल म्हणजे ‘सुबेरोसा’.

पान जून वेलाचंच घ्या. पॅशनफ्रूटच्या रोपाची पहिली पानं अखंड असतात, तिथे हमखास फसायला होतं. फूल जेमतेम दिवसभर टिकतं, म्हणून जळगाव-धुळ्याच्या उन्हात ते मलूल व्हायच्या आत फोटो काढा: समोरून, बाजूने आणि मागून. मागचा फोटो बहुतेक जण विसरतात, आणि कळीखालची छदं (फुलाच्या तळाची पानासारखी उपांगं) नेमकी तिथेच दिसतात.