गर्दीच्या दिवशी ट्रेड करताय? या चुका टाळा

निकाल असो, बजेट असो, कसलीही मोठी बातमी आली की तीच चूक परत. मार्केट ऑर्डर, म्हणजे भाव न ठरवता ‘मिळेल त्या भावाला द्या’ म्हणणं. अरे, स्क्रीनवरचा भाव म्हणजे शेवटचा सौदा कितीला झाला तेवढंच, तुम्हालाही त्याच भावाला मिळेल असं कुणी कबूल केलेलं नसतं. एरवी बिड-आस्कमध्ये, म्हणजे घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात, पाच-दहा पैशांचा फरक असतो म्हणून चालून जातं, पण घाई सुटली की समोरचे आपल्या ऑर्डरी काढून घेतात आणि मग तुमची मार्केट ऑर्डर जो भाव समोर येईल तो घेत सुटते.

4 जून 2024, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी 23,263 ला बंद, आणि आमच्या ग्रुपमधला एक पोरगा कॉल (बाजार वर गेला की कमावणारे ऑप्शन) घेऊन बसलेला. सकाळी आकडे फिरले, याचे हातपाय गळाले, कॉल फेकले आणि वर मार्केट ऑर्डरने पुट (बाजार पडला की कमावणारे) उचलले. दिसलेल्या भावात आणि मिळालेल्या भावात चाळीसेक रुपयांचा फरक, लॉट, म्हणजे एका वेळी कमीत कमी घ्यावा लागणारा गठ्ठा, तेव्हा 25 चा, म्हणजे लॉटमागे हजार रुपये नुसते घाईचे. निफ्टी त्या दिवशी जवळपास 6 टक्के पडून 21,884 ला बंद झाला आणि 7 तारखेला 23,290! पडण्यातला काही भाग खरा होता, सरकार कसं बनणार हेच कळत नव्हतं, पण बराचसा भाव असल्या पोरांनी आणि मार्जिन (ब्रोकरकडे ठेवलेली तारण रक्कम) संपलेल्यांनी पाडलेला. ती पडझड बघून या पोराने पुट धरून ठेवले, पुढचं सांगत नाही.

मी घेताना लिमिटच टाकतो, म्हणजे यापेक्षा जास्त भाव देणार नाही अशी ऑर्डर, आस्कच्या दोन-चार टिक (भावाची सगळ्यात छोटी पायरी) वर. नाही लागली तर चहा पितो.

9:15 ला बाजार उघडला की शेअरवर तुटून पडू नका. त्याआधीच्या प्री-ओपनमध्ये ऑर्डरी गोळा करून जास्तीत जास्त क्वांटिटी जुळेल असा एकच भाव काढतात, तो बघायला कुणाला वेळच नसतो.

ऑप्शनमध्ये एसएल-एम, म्हणजे ठरलेला भाव आला की मार्केट ऑर्डर सोडणारा स्टॉपलॉस, का जात नाही म्हणून ब्रोकरच्या सपोर्टवाल्याशी भांडू नका, एनएसईने 2021 लाच बंद केलंय ते. फ्रीक ट्रेडमध्ये क्षणभर वेडावाकडा भाव लागायचा आणि लोकांचे स्टॉपलॉस उडायचे. एसएल-लिमिट लावा, ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते तो) आणि लिमिटमध्ये नीट अंतर ठेवून. एका टिकचं अंतर ठेवणारे महाभाग आहेत, भाव उडी मारून पुढे जातो आणि ऑर्डर तिथेच लटकते.

दिवाळीच्या मुहूर्ताच्या ट्रेडिंगला शगुनाचा एखादा शेअर घ्या की, पण त्या तासाभराच्या भावावरून वर्षाचं भाकीत नको.