तीन वर्षांची अळी, दोन वर्षांचं मास्टर्स

नद्यांचा अभ्यास करायला युरोपात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना "नदीतून नामशेष झालेला किडा परत आणणं" यावर थिसिस करायचा असतो. विषय सुंदर आहे, पण हो म्हणण्याआधी एवढंच विचारा: त्या किड्याचं आयुष्य किती वर्षांचं?

जर्मनीत माझ्या वाट्याला पालिंजेनिया लाँगिकौडा आली. ही युरोपातली सगळ्यात मोठी मेफ्लाय (अळीपणी पाण्यात राहणारा, मोठेपणी उडणारा किडा), शेपटीच्या तंतूंसकट जवळपास १२ सेंटिमीटर. ऱ्हाईनसह पश्चिम युरोपातल्या नद्यांतून ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नाहीशी झाली. हंगेरीतल्या टिसा नदीत ती टिकून आहे. जूनमध्ये थवे उठले की तिथले लोक 'टिसा फुलली' म्हणतात. तिथली अंडी आणून ऱ्हाईनला मिळणाऱ्या लिपे नदीत सोडण्याचे प्रयोगही झालेत.

प्रौढ मेफ्लाय काही तासच जगते हे आपल्याला पाठ असतं, आणि फसगत होते ती तिथेच. कारण तिची अळी काठच्या चिकणमातीत तीन वर्षं काढते. आता हिशेब मांडा. मास्टर्स दोन वर्षांचं, त्यातलं पहिलं वर्गातच जातं. आल्या आल्या अंडी सोडली असं धरलं, तरी पंख दिसायला तीन वर्षं लागणार. आणि पंख दिसले म्हणजे किडा रुजला असंही नाही! ती तुम्ही आणलेल्या अंड्यांचीच पिढी. तिने त्या नदीत घातलेल्या अंड्यांतून पुढची पिढी उडाली, तरच रुजला म्हणायचं. म्हणजे सहा वर्षं. तोवर ना स्कॉलरशिप पुरते, ना व्हिसा. मला हे कुणी सांगितलं नाही. मार्गदर्शक नावाजलेले होते, पण भेट महिन्यातून एकदा. विषय बदलावा लागला आणि ते गेलेलं वर्ष मला अजून टोचतं. म्हणून माझं ठाम मत आहे: मोठ्या नावामागे धावू नका. वर्षानुवर्षं त्याच नदीत उतरणारा लॅबमधला तंत्रज्ञ शोधा आणि त्याचं ऐका.

घाबरून विषय सोडू मात्र नका. दोन वर्षांत होण्यासारखं काम भरपूर आहे, आणि ते काठाच्या मातीत आहे. पाण्याखालच्या काठातून चिकणमातीचं ढेकूळ कापून काढलं की जेमतेम करंगळी शिरेल अशी बिळं दिसतात, आतून इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली. अळी जबड्याच्या सुळ्यांनी ती कोरते आणि पिसांसारखे कल्ले हलवत पाणी आतून खेळवत राहते. काठाला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) झालं की ही जागाच जाते, मग पाणी कितीही स्वच्छ असो. पाणी सुधारल्यावर १९९० च्या आसपास एफोरॉन व्हर्गो ही दुसरी मेफ्लाय ऱ्हाईनच्या खालच्या भागात आपसूक परतली. पालिंजेनियाला ते जमण्यासारखं नाही: टिकून असलेल्या वस्त्या शेकडो किलोमीटर लांब आणि उडायला हातात काही तास. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की प्राणी नाहीसा का झाला ते आधी शोधा आणि ते कारण दूर करा. इथे त्याचा अर्थ काठ तपासा, असाच होतो. पुण्यात मुळा-मुठेच्या काठाची कामं बघतानाही मला आता आधी मातीच दिसते.

किक-नेटवर, म्हणजे पायाने तळ ढवळून किडे पकडायच्या जाळीवर, विसंबू नका. दगडगोट्यांच्या उथळ पाण्यात ती छान चालते, घट्ट चिकणमातीतल्या अळ्या तिच्यात येत नाहीत. पाण्याची बाटली डीएनएसाठी पाठवून मोकळं होण्याचा शॉर्टकट तर मला मुळीच पटत नाही. किडा असल्याचं त्यातून कळेल, अळी पहिल्या वर्षाची की तिसऱ्या, ते कळणार नाही. त्यासाठी मायक्रोस्कोपखाली डोक्याची रुंदी मोजायला बसावंच लागतं. कंटाळवाणं आहे, पण खरं उत्तर तिथेच मिळतं: नर-मादीतला फरक बाजूला काढूनही एकाच काठात तीन आकारांच्या अळ्या निघाल्या, तर तिथे लागोपाठ तीन वर्षं अंडी पडली आहेत. तीन वर्षांचा इतिहास एका हंगामात हाती येतो, आणि थिसिस वेळेत बसतो.

टिसावर जाणार असाल तर अख्खा जून मोकळा ठेवा. घरी जायचं तिकीट जुलैचं काढा. थवे दुपार कलल्यावर उठतात, तेही मोजकेच दिवस, आणि नेमके कधी ते आधी सांगता येत नाही.