फेलनीचा रेकॉर्ड शोधताना आधी काउंटी विचारा

मी टेक्ससमध्ये कोर्ट रिसर्चर आहे. कंपन्यांना नव्या उमेदवाराची पार्श्वभूमी तपासून हवी असते. त्यासाठी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कोर्टात जायचं, फौजदारी खटल्यांचे, विशेषतः फेलनीचे म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे, कागद बघायचे आणि कागदात आहे तेवढंच लिहून द्यायचं. सोलापूरला एलएलबी केलं, दोन वर्षं काळा कोट घातला, मग लग्न, नवऱ्याच्या व्हिसावर मिळणारा एच-फोर आणि बऱ्याच वर्षांनी वर्क परमिट. हे काम मिळालं ते दप्तर वाचायची सवय होती म्हणून. सध्या ओळखीतल्या तिघी-चौघी याच कामाची चौकशी करतायत, दर वेळी फोनवर तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आपल्याकडे असं काही लागलं की पाय पोलीस ठाण्याकडे वळतात. चारित्र्य पडताळणीचा दाखला तिथूनच निघतो ना! इथे आधी ही सवय मोडायची. पोलिसांकडे असते ती अटकेची नोंद. पुढे खटला उभा राहिला का, गुन्हा शाबीत झाला का, हे कोर्टाच्या दप्तरात. आणि कोर्ट काउंटीचं. टेक्ससमध्ये अशा २५४ काउंट्या आहेत. खटला चालतो तो गुन्हा जिथे घडला त्या काउंटीत. माणूस राहायला कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

फ्रिस्कोचंच बघा. आपली मंडळी तिथे भरपूर. गावाचा पूर्वेकडचा भाग कॉलिन काउंटीत, पश्चिमेकडचा डेंटनमध्ये. म्हणजे एकाच गावातल्या दोन खटल्यांसाठी एकदा मॅकिनीला जायचं, एकदा डेंटनला. डॅलस शहर तर पाच काउंट्यांत सांडलंय. त्यामुळे मी उमेदवाराचे जुने पत्ते घेऊन बसते, प्रत्येक पत्त्यापुढे काउंटी लिहिते आणि मगच गाडी काढते.

काउंटीत पोचल्यावर क्लार्क दोन. फेलनी डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ, सहसा काउंटी क्लार्ककडे. दोन्हीकडे बघायचं, कारण फेलनी म्हणून सुरू झालेली केस खाली येऊन मिसडिमीनरमध्ये मिटते, असं पुष्कळदा होतं. बऱ्याच काउंट्यांच्या साइटवर नावाने फुकट शोधता येतं, पण आतले कागद बघायला अनेकदा काउंटरवर जावंच लागतं. तिथे लोकांसाठी कॉम्प्युटर ठेवलेले असतात. त्यांना पब्लिक टर्मिनल म्हणतात. कारण कुणी विचारत नाही, ओळखपत्रही सहसा मागत नाहीत. पहिल्या दिवशी मला उगाचच चोरून काही बघतेय असं वाटत होतं.

आपल्या नावांचा गोंधळ मात्र इथल्या कारकुनांना कळत नाही. पाटील राहुल सुरेश हे नाव कुठे पाटील आडनावाखाली असतं, तर कुठे सुरेश आडनावाखाली. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) येतं, आणि ती तीन अक्षरं नाव समजून पुढच्या कागदांतही जातात. कुलकर्णीचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी घालून बघा. लग्नाआधीचं नाव विसरू नका. आणि जन्मतारीख! इथे महिना आधी, दिवस मग. एका माणसाची तारीख त्याच्या फॉर्मवर ०५/०७ होती, कोर्टात ०७/०५. माणूस एकच, घोळ आपल्या सवयीचा. उलटंही होतं, नाव जुळतं आणि माणूस भलताच निघतो. म्हणून नुसत्या नावावर मी कधीच काही लिहून देत नाही. जन्मतारीख, मधलं नाव, पत्ता यांतलं काहीतरी जुळायलाच हवं.

केस उघडली की तारीखवार नोंदी दिसतात, आपल्या रोजनाम्यासारख्या. ग्रँड ज्युरी म्हणजे खटला चालवावा का ते ठरवणारी नागरिकांची मंडळी. त्यातल्या १२ पैकी ९ जणांनी होकार दिला की इंडाइटमेंट, म्हणजे आरोपपत्र, होतं. पण तो नुसता आरोप. नवखी माणसं हमखास तिथेच थांबतात. शेवटपर्यंत जायचं, जजमेंटचा कागद उघडायचा.

तरीही मी फसलेच. नोकरीचा दुसरा महिना. एका केसमध्ये शिक्षा होती काउंटी जेलमध्ये १२० दिवस. फेलनीवाला काउंटीच्या तुरुंगात कशाला जाईल, असं मनाशी म्हणून मी बिनधास्त मिसडिमीनर लिहून दिलं. संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, ‘डिग्री ऑफ ऑफेन्सची ओळ वाचलीस का?’ गुन्ह्याचा दर्जा सांगणारी ती ओळ जजमेंटच्या वरच्याच भागात असते. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, स्टेट जेल फेलनी, म्हणजे फेलनीतलाच सर्वांत खालचा प्रकार. टेक्ससच्या दंडसंहितेत १२.४४ नावाचं कलम आहे. त्याच्या ‘ए’खाली शिक्षा मिसडिमीनरइतकी दिली तरी शाबीत झालेला गुन्हा फेलनीच राहतो. ‘बी’खाली मात्र खटलाच मिसडिमीनर म्हणून चालतो. एका अक्षराचा फरक. तेव्हापासून शिक्षेचा आकडा मी सर्वांत शेवटी बघते.

दुसरा खड्डा डिफर्ड अॅज्युडिकेशनचा. आरोपी कबुली देतो, न्यायाधीश निकाल राखून ठेवतात, ठरावीक काळ नीट वागला तर गुन्हा शाबीत झाला असं धरत नाहीत. वागला नाही तर सरकारी वकील अर्ज करतात आणि जुनं प्रकरण शिक्षेपर्यंत जातं. म्हणजे २०१९ च्या नोंदीत डिफर्ड दिसलं तरी २०२१ ची नोंद बघितल्याशिवाय फाइल मिटवायची नाही.

राज्य पातळीवर डीपीएस आहे, डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी. त्यांच्या साइटवर एका शोधाला साधारण १ डॉलर पडतो आणि राज्यभरातल्या शिक्षा व डिफर्ड दिसतात. स्वस्त आहे, पण त्यांच्याकडे येतं ते काउंट्यांनी कळवलेलं. तिथे नाव सापडलं तर कुठल्या काउंटीत जायचं ते कळतं. नाही सापडलं, तर रेकॉर्ड कोरा आहे असं मी तरी म्हणणार नाही. केंद्राचे खटले दोन्हीकडे नसतात. ते पेसर या केंद्रीय कोर्टांच्या साइटवर, पानाला १० सेंट, आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंत बिल झालं तर माफ.

बाकी राज्यांची तऱ्हा वेगळी. फ्लोरिडा २४ डॉलर घेतं, न्यूयॉर्कची कोर्टं राज्यभरच्या शोधाला ९५. पेनसिल्व्हेनियात रोजनामे घरबसल्या फुकट. कॅलिफोर्नियाचं न्याय खातं तिऱ्हाइताला काही देतच नाही, बोटांचे ठसे देऊन स्वतःचंच मागवता येतं. एडिसनच्या मैत्रिणींनो, न्यू जर्सीत गुन्ह्यांचा फेलनी असा वर्गच नाही. इंडाइटेबल क्राइम म्हणतात आणि ते सुपीरियर कोर्टात शोधायचे.

एक नाजूक गोष्ट. हे काम कळलं की नातेवाइकांचे फोन येतात, ‘स्थळ आलंय गं, मुलाचं जरा बघ ना.’ कंपनीच्या खात्यातून असं बघणं म्हणजे नोकरी गेली. नोकरीसाठी कुणाचा रिपोर्ट काढायचा तरी १९७० च्या फेडरल कायद्याप्रमाणे उमेदवाराची लेखी संमती लागते, आणि शिक्षा न झालेली अटक ७ वर्षांहून जुनी असेल तर रिपोर्टमध्ये सहसा घालता येत नाही. मावशीला काउंटीच्या साइटवर स्वतः शोधायला कुणाची बंदी नाही. वर दिलेला नावांचा घोळ तेवढा तिला समजावून सांगा.

मागच्या वर्षी सोलापूरच्याच एका मुलाचा फोन आला. जुनी केस होती, डिसमिस झालेली, आणि वकिलाने ती एक्स्पंज करून, म्हणजे दप्तरातूनच पुसून घ्यायचं सुचवलं होतं. ग्रीन कार्डचा अर्ज पुढे होता. मी विचारलं, निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकला घेतल्यास का? ‘ताई, केस डिसमिस झालीय ना, मग पेपर कशाला?’ मी म्हटलं, इमिग्रेशनवाले डिसमिस झालेल्या केसचाही निकाल मागतात, आणि एकदा पुसलं की क्लार्ककडे द्यायला कागदच उरत नाही. वकिलाला हे विचार आणि आधी नकला काढ. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो गेला. दुपारी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. टेबलावर ओळीने मांडलेल्या तीन नकला, प्रत्येकीवर क्लार्कचा शिक्का. खाली त्याने विचारलं होतं, ‘तीन पुरतील ना?’ मी लिहिलं, एक आईकडे सोलापूरला पाठव.